मालिकांमधले गुन्हेगार स्वतःला कसे समजावतात : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मालिका आणि वेबसिरीजमधल्या खलनायकांवर मी बोलते, लिहिते आणि कोल्हापुरात संवादलेखन शिकायला येणाऱ्या मुलांशी त्यावर तासन् तास वाद घालते. मूकपटांच्या काळापासून या शहरात गोष्टी चित्रित होत आल्या आहेत. इथला प्रेक्षक पाहिलेलं मुकाट्याने गिळत नाही, रस्त्यात थांबवून विचारतो. मंगळवार पेठ असो की राजारामपुरी, विषय निघाला की तेच काही प्रश्न फिरून येतात. त्यांची उत्तरं इथे एका जागी ठेवली आहेत. काही लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं खूप आहे. ‘ब्रेकिंग बॅड’चा शेवटही यात येतो, तेव्हा ज्यांनी ती अजून पाहिली नसेल त्यांनी जपून वाचावं.

खलनायकाला स्वतःचं समर्थन करायची गरजच काय? वाईट आहे म्हणून वाईट वागतो, एवढं पुरत नाही का?

एखाद्या भागापुरतं पुरतं. पुढे प्रेक्षक कंटाळतो, कारण असा माणूस त्याने कधी पाहिलेला नसतो.

१९५७ साली ग्रेशम साइक्स आणि डेव्हिड मात्झा या दोन अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी गुन्हेगारीकडे वळलेल्या पोरांविषयी एक लेख लिहिला. तोवर अनेक अभ्यासक असं मानत होते की अशा पोरांची नीतीच वेगळी असते, त्यांच्यात चोरी म्हणजे मर्दुमकी. साइक्स आणि मात्झा म्हणाले, तसं नाही. या पोरांना बरं-वाईट आपल्याइतकंच कळतं. पकडली गेली की त्यातल्या अनेकांना लाज वाटते, प्रामाणिक माणसाबद्दल त्यांच्या मनात आदरही असतो. मग हात कसा उचलला जातो? मनातला अडसर तेवढ्या वेळापुरता बाजूला सारला जातो, आणि तो सारायला काहीतरी कारण लागतं.

या लेखातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे हे कारण बऱ्याचदा गुन्हा झाल्यावर सुचत नाही, आधीच तयार होतं. ते तयार झाल्याशिवाय गुन्हा घडत नाही. आपले बहुतेक लेखक नेमकं इथे चुकतात. खलनायक आधी खून करतो आणि मग शेवटच्या भागात पोलिसांसमोर पाच मिनिटं कारणं सांगतो. कारण मनात कसं शिजलं, कोणत्या दिवशी ते पुरेसं वाटलं, हे दाखवलेलंच नसतं. खरं नाट्य तिथे असतं.

अशी कारणं किती प्रकारची असतात?

साइक्स-मात्झांनी पाच सांगितली. पडद्यावरचा गुन्हेगार अमेरिकेतला असो, स्पेनमधला असो की आपल्याकडचा, त्याचं बोलणं फिरून फिरून या पाचांतच येतं.

‘माझ्या हातात काही नव्हतं’ हे पहिलं. परिस्थिती, दारू, संगत, नशीब, काहीही. आपल्या परंपरेत याचा सगळ्यात टोकदार नमुना दुर्योधनाच्या नावावर आहे. एका प्रसिद्ध श्लोकात तो म्हणतो की धर्म काय ते मला कळतं पण तसं वागवत नाही, अधर्म कळतो पण तो सुटत नाही, हृदयात बसलेला कुणी देव नेतो तसा मी जातो. केलेल्याची जबाबदारी त्याने थेट देवाच्या खात्यावर टाकली. दूरदर्शनवर १९८८ ते १९९० या काळात ‘महाभारत’ चालू असताना दुर्योधनाची बाजू घेणारी माणसं घराघरांत होती, कारण आंधळ्या बापावर अन्याय झाला हे त्याचं म्हणणं सगळं खोटं नव्हतं.

दुसरं, ‘कुणाचं काय बिघडलं?’ ‘मनी हाइस्ट’मधला प्रोफेसर माद्रिदमधल्या सरकारी टांकसाळीत माणसं घुसवतो आणि त्यांच्याकडून नोटा छापून घेतो. त्याचं म्हणणं, आम्ही कुणाच्या खिशातलं घेतलंच नाही. त्याला लागून तो चौथं कारणही वापरतो, ‘मला बोलणारे तुम्ही कोण?’ युरोपच्या मध्यवर्ती बँकेने बँकांना वाचवायला पैसा उभा केला तेव्हा त्याला कुणी चोरी म्हटलं नाही, मग आम्हीच चोर कसे? ऐकायला बिनतोड वाटतं. पण त्या टांकसाळीत दिवसचे दिवस बंदुकीच्या धाकाखाली राबवलेली माणसं आहेत. त्यांना चोरांसारखेच लाल कपडे आणि मुखवटे घातले आहेत, म्हणून पोलिसांची गोळी त्यातल्याच एकाला लागते. ‘कुणाचं काय बिघडलं’चं उत्तर तिथे जमिनीवर रक्तबंबाळ पडलेलं आहे, आणि तरी आपण प्रोफेसरची बाजू घेत राहतो.

तिसरं, ‘त्याची तीच लायकी होती.’ खुन्यांनाच शोधून मारणाऱ्या माणसाची ‘डेक्स्टर’ ही मालिका २००६ पासून कितीतरी वर्षं याच एका वाक्यावर चालली. पाचवं, ‘माझ्या माणसांसाठी केलं.’ त्याला पुढे वेगळी जागा दिली आहे.

नंतरच्या अभ्यासकांनी यात भर घातली. अल्बर्ट बँड्युरा या मानसशास्त्रज्ञाने दाखवलं की कृत्याला सौम्य नाव दिलं की ते करणं सोपं जातं. आपल्या गुन्हेपटांत खुनाला ‘गेम’ आणि लाख रुपयांना ‘पेटी’ म्हणतात ते उगीच नाही. कार्ल क्लॉकर्सने १९७४ मध्ये चोरीचा माल विकत घेणाऱ्या एका व्यापाऱ्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या माणसाचं म्हणणं असं की माझी चांगली कृत्यं आणि वाईट कृत्यं मांडून बघा, जमेची बाजूच जड निघेल. गावात मंदिराला देणगी देणारा, मंडळाला वर्गणी देणारा, लग्नाला मदत करणारा मालिकेतला दादा हाच हिशेब सांगत असतो.

‘घरच्यांसाठी केलं’ हे कारण इतकं का पटतं?

कारण ते आपलंही आहे. ओव्हरटाइम करणारा, कर्ज काढणारा, परगावी नोकरीला जाणारा प्रत्येकजण हेच वाक्य म्हणतो. गुन्हेगार आपल्याच घरातलं वाक्य उचलतो.

आपल्याकडे याची कसोटी वाल्या कोळ्याच्या गोष्टीत फार पूर्वीच लावून ठेवली आहे. वाटसरूंना मारायचं, लुटायचं, प्रत्येक खुनामागे एक खडा रांजणात टाकायचा. नारद भेटतात आणि एवढंच विचारतात की बाबा रे, हे ज्यांच्यासाठी करतोस ते तुझ्या पापाचे वाटेकरी होतील का, घरी जाऊन विचारून तरी ये. वाल्या जातो, विचारतो. बायको-पोरं म्हणतात, आम्हाला पोसणं तुझं काम, कसं पोसतोस ते तुझं तू बघ. तिथे त्याचं कारण गळून पडतं.

‘ब्रेकिंग बॅड’ २००८ ते २०१३ या काळात पाच पर्वं चालली. वॉल्टर व्हाइट हा न्यू मेक्सिको राज्यातल्या अल्बुकर्की शहरातला रसायनशास्त्राचा शिक्षक. कर्करोग झाल्याचं कळतं, घरात पैसा नाही, मूल जन्माला यायचंय. तो मेथ नावाचं घातक अमली द्रव्य बनवू लागतो आणि जवळजवळ शेवटपर्यंत सांगत राहतो की सगळं कुटुंबासाठी. माझ्या मते ही वाल्याचीच गोष्ट आहे, फक्त इथे वाल्या घरी विचारायला जात नाही. विचारलं असतं तर काय उत्तर आलं असतं ते मालिकेत दिसतंच. पाचव्या पर्वात त्याची बायको त्याच्या तोंडावर सांगते की तुझा कर्करोग परत यायची मी वाट बघतेय. पुढे घरात सुरीवरून झटापट होते, मुलगा आईला पाठीशी घालून पोलिसांना फोन लावतो आणि वॉल्टर ओरडत राहतो की आपण एक कुटुंब आहोत. पापाचा वाटा कुणीच घेत नाही.

आणखी एक जागा बघाच. पहिल्याच पर्वात त्याचे श्रीमंत जुने भागीदार उपचाराचा सगळा खर्च उचलायला तयार होतात. तो नाही म्हणतो. कारण कुटुंब असतं तर तिथेच प्रश्न मिटला होता. त्याला मिंधेपणा नको होता, आणि आपण कोणीतरी आहोत हे दाखवायचं होतं. लेखकांनी हे लपवलेलं नाही, पाचव्याच भागात समोर ठेवलंय. तरी पुढची कित्येक वर्षं आपण ‘बिचारा घरच्यांसाठी करतो’ म्हणत बघत राहिलो. मालिकेची खरी ताकद मला यात दिसते.

शेवटच्या भागात तो बायकोला भेटतो. ती त्याला अडवते, पुन्हा कुटुंबासाठी केलं म्हणून सांगू नकोस. तेव्हा तो कबूल करतो की मी माझ्यासाठी केलं, मला ते आवडत होतं, मला ते चांगलं जमत होतं. तिच्या चेहऱ्यावरचा ताण तिथे पहिल्यांदा सैल होतो.

कारण तयार होताना दाखवलंय असा एखादा प्रसंग सांगाल का?

याच मालिकेतल्या पहिल्या पर्वाचा तिसरा भाग. शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी तो बघायला सांगते.

तळघरात वॉल्टरच्या जिवावर उठलेला एक माणूस खांबाला बांधलेला आहे, गळ्यात सायकलचं कुलूप. त्याला सोडावं तर तो सूड घेणार, मारावं तर आपण खुनी. वॉल्टर शिक्षक आहे, म्हणून तो शिक्षकासारखं करतो. पिवळं पॅड घेतो, दोन रकाने आखतो. सोडावं या बाजूला भराभर लिहितो: हे नैतिकदृष्ट्या योग्य आहे, तू खुनी नाहीस, तो समजूतदारपणे ऐकेलही, केलंस तर स्वतःला तोंड दाखवता येणार नाही. यादी लांबत जाते. मारावं या बाजूला एकच ओळ आहे: सोडलंस तर तो तुझं सगळं कुटुंब मारेल.

तरी तो सोडायचंच ठरवतो. बांधलेल्या माणसासाठी सँडविच करतो, पावाच्या कडा कापून, कारण त्याला कडा आवडत नाहीत हे याच्या लक्षात आलेलं आहे. दोघे बिअर पितात, जुन्या फर्निचरच्या दुकानाच्या आठवणी निघतात. वॉल्टर किल्ली आणायला वर जातो. आधी एक ताटली फुटलेली असते. तिचे तुकडे कचऱ्यातून काढून तो टेबलावर जुळवतो आणि एक लांब, टोकदार तुकडा कमी भरतो. तो तुकडा खाली त्या माणसाच्या हातात आहे.

पुढे जे होतं त्यात वॉल्टर मारता मारता रडत माफी मागतो. ‘माझ्या हातात काही नव्हतं’ हे वाक्य इथे कुणीही बोललेलं नाही, ताटलीचे तुकडे ते बोलतात. आणि हा खून जवळजवळ स्वसंरक्षणाचा असल्यामुळे पुढच्या प्रत्येक खुनाला त्याचा आधार मिळतो. पुढे त्याच्या नजरेसमोर एक मुलगी झोपेत गुदमरून मरते आणि तो तिला वाचवत नाही. तेव्हा पॅडही नाही आणि रकानेही नाहीत.

‘सगळेच करतात’ असं म्हणणारा गुन्हेगार खरंच गुन्हेगार वाटत नाही. असं का होतं?

‘स्कॅम १९९२’ आली २०२० साली. तेव्हा आमच्याकडे चहाच्या टपरीवर आणि बँकेच्या रांगेत एकच चर्चा होती की हर्षद मेहताचं चुकलं काय, त्याने फक्त फटी वापरल्या. मालिकेतल्या हर्षदचं म्हणणंही तेच. बँका आपसात सरकारी रोख्यांचे व्यवहार दलालांमार्फत करत होत्या, नियम ढिले होते, मोठ्या बँकाही त्यात होत्या, मग एकट्या मलाच का धरता?

यातला ‘बँकाही त्यात होत्या’ हा भाग खरा आहे, म्हणूनच ते कारण इतकं घट्ट बसतं. पण व्यवहार नीट पाहिला तर चित्र बदलतं. रोखे हातात नसताना ते आहेत असं सांगणाऱ्या पावत्या, म्हणजे बँक रिसीट, काढल्या गेल्या आणि त्यावर मिळालेला पैसा शेअर बाजारात गेला. अशा पोकळ पावत्या देणाऱ्यांत एक होती बँक ऑफ कराड. कराड आपल्यापासून पुण्याच्या वाटेवर दीड-दोन तासांवर. पत्रकार सुचेता दलाल यांची बातमी एप्रिल १९९२ मध्ये छापून आली आणि सगळं उघडं पडलं, तेव्हा ती बँक बुडाली. तिथे ठेव ठेवणारा माणूस शेअर बाजारात कधी गेलाही नसेल. मालिका मला आवडली, प्रतीक गांधीचं काम फार मोठं आहे. पण दहा भागांत त्या ठेवीदाराला जेमतेम जागा मिळते, आणि त्यामुळे हर्षदचं म्हणणं खोडणारा आवाज पडद्यावर कमी पडतो.

डोनाल्ड क्रेसी नावाच्या अभ्यासकाने अफरातफर करून तुरुंगात गेलेल्यांशी बोलून १९५३ साली आपलं काम प्रसिद्ध केलं. त्याला दिसलं की यातले अनेकजण ‘मी चोरतोय’ असं स्वतःला सांगतच नाहीत. ते सांगतात, ‘तात्पुरते घेतोय, परत ठेवून देईन.’ पतसंस्थेचा सचिव, भिशीचा पैसा सांभाळणारा, देवस्थानची पेटी उघडणारा अशी पात्रं लिहायची असतील तर सुरुवात इथून करावी. तो माणूस पहिल्या दिवशी खरोखर परत ठेवणार असतो.

‘माझे काही नियम आहेत’ म्हणणारे खलनायक इतके लाडके का होतात?

नियम असले की माणूस भरवशाचा वाटतो. ‘द वायर’मधला ओमर बाल्टिमोरच्या रस्त्यावर फक्त अमली पदार्थ विकणाऱ्यांना लुटतो, साध्या नागरिकावर बंदूक रोखत नाही. कोर्टात साक्ष देताना गुंडांचा वकील त्याला सुनावतो की तू या धंद्यावर जगणारा बांडगूळ आहेस. तो शांतपणे म्हणतो, तुम्हीही तेच, माझ्याकडे बंदूक आहे, तुमच्याकडे ब्रीफकेस. न्यायाधीशही निरुत्तर होतात.

‘द सोप्रानोज’मधल्या टोनी या माफिया टोळीच्या म्होरक्याचं मात्र मला कधी पटलं नाही. तो मानसोपचारतज्ज्ञ डॉ. मेल्फींना सांगतो की आम्ही सैनिक आहोत, आणि सैनिक नरकात जात नाहीत. सैनिकाला हुकूम देणारं आणि जाब विचारणारं कुणीतरी असतं. टोनी स्वतःच हुकूम देतो आणि जाब कुणालाच देत नाही. सैनिकाची पदवी त्याने स्वतःला लावून घेतलेली आहे.

‘देवमाणूस’मधला डॉक्टर तर काहीच समर्थन देत नाही. मग तो इतका भीतीदायक का?

समर्थन त्याच्याऐवजी गाव देतं. झी मराठीवर २०२० मध्ये सुरू झालेली ही मालिका सातारा जिल्ह्यातल्या, २०१६ साली उघड झालेल्या एका खऱ्या प्रकरणावरून सुचलेली. किरण गायकवाडने केलेला अजितकुमार देव हा बोगस डॉक्टर आहे, पण गावाच्या लेखी देवमाणूस. रात्री-अपरात्री येतो, गरिबाकडून पैसे घेत नाही, म्हाताऱ्यांच्या पाया पडतो. संशय घेणाऱ्यालाच गाव गप्प करतं.

मला यातली डिंपल जास्त महत्त्वाची वाटते. ती साधी, स्वप्नाळू मुलगी, त्याच्या प्रेमात पडते आणि हळूहळू त्याच्या गुन्ह्यांत सामील होते. डॉक्टरला कारणांची गरज नाही, तिला आहे. ती प्रत्येक पायरीला एक नवं कारण शोधते. गुन्हेगाराच्या शेजारी उभं राहणाऱ्या माणसाची कारणं ही मराठी मालिकांनी अजून पुरेशी धुंडाळलेली नाहीत, आणि ही मालिका त्या दिशेला थोडी तरी गेली.

रोजच्या मालिकांतल्या खलनायिकांचं काय? त्यांची कारणं एकाच साच्यातली का वाटतात?

आठवड्याचे पाच-सहा भाग, प्रत्येक भाग वीस-बावीस मिनिटांचा, आणि निगेटिव्ह ट्रॅक वर्षानुवर्षं चालवायचा. कारण संपलं की पात्र संपतं, म्हणून मत्सर आणि इस्टेट या दोन न संपणाऱ्या गोष्टी हाताशी ठेवल्या जातात. ‘तुझ्यात जीव रंगला’चं चित्रीकरण आपल्या वसगड्यात झालं. त्यातल्या नंदिता वहिनीसाहेब आठवतात का बघा. धनश्री काडगांवकरने ते पात्र इतकं रंगवलं की बायका दात-ओठ खाऊन बघायच्या. पण त्या बाईला घरावर सत्ता हवी होती यापलीकडे तिच्या मनात काय चाललंय हे फार क्वचित कळलं.

माझी एक मावशी, अस्सल शिवाजी पेठेतली, रोज मालिका बघते. ती एकदा म्हणाली, ‘मी बघतो की रोज. पण ती असं का करत्या ते मला अजून कळंना.’ कुठल्याही चॅनेलच्या मीटिंगमध्ये हे वाक्य भिंतीवर लावावं असं मला मनापासून वाटतं.

कायद्यापुढे यातलं कोणतं कारण टिकतं?

फार थोडी. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम १०१ मध्ये खुनाची व्याख्या आणि अपवाद आहेत. अचानक आणि गंभीर चिथावणीमुळे स्वतःवरचा ताबा गेला असेल तर तो खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरू शकतो. पण ‘अचानक’ला इथे वजन आहे. नौदल अधिकारी नानावटी खटल्यात, ज्यावर २०१९ मध्ये वेबसिरीजही आली, बायकोने दुसऱ्या पुरुषाशी असलेल्या संबंधांची कबुली दिल्यावर नानावटी कुटुंबाला सिनेमागृहात सोडून जहाजावर गेले, रिव्हॉल्वर घेतलं आणि मग त्या माणसाच्या घरी जाऊन त्याला गोळ्या घातल्या. मध्ये सुमारे तीन तास गेले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली सांगितलं की एवढा वेळ डोकं ताळ्यावर यायला पुरेसा होता. मालिकेतला नायक ‘त्या एका क्षणात’ म्हणत भावाचा सूड घ्यायला सहा महिने योजना आखतो, तेव्हा हे आठवावं.

‘मला धमकावलं होतं’ या कारणासाठी कलम ३२ आहे. तिथल्या तिथे जीव जाण्याची रास्त भीती असेल तर बचाव मिळतो, पण खुनाला तो लागू नाही. दुसऱ्याने डोक्याला पिस्तूल लावलं म्हणून तिसऱ्याचा जीव घेतला, तर कायदा ते कारण मान्य करत नाही.

आणि ‘सीआयडी’छाप शेवट. एसीपी प्रद्युम्न समोर उभे, गुन्हेगार ढसाढसा रडत ‘हो, मीच मारलं’ म्हणतो आणि का मारलं तेही सांगतो. पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेली अशी कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. जुन्या पुरावा कायद्यात हे होतं आणि २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्येही आहे. कबुली दंडाधिकाऱ्यासमोर, स्वेच्छेने द्यावी लागते. कसबा बावड्यातल्या न्यायसंकुलात एखादा दिवस बसून ऐकलं तर कळतं की खऱ्या खटल्यात भाषण जवळजवळ नसतं. तारखा, पंचनामे आणि उलटतपासणी असते.

खरे गुन्हेगार असंच बोलतात का?

बोलतात, पण कारणं देणारा प्रत्येकजण निर्ढावलेला असतो असं नाही. शॅड मारुना या संशोधकाने लिव्हरपूलमध्ये गुन्हेगारी सोडलेल्या आणि न सोडलेल्या माणसांच्या जीवनकहाण्या ऐकल्या आणि २००१ मध्ये त्या मांडल्या. न सोडलेले सांगत होते की आमच्यापुढे दुसरा रस्ताच नाही. सोडलेलेही झाल्या गोष्टींचा काही दोष परिस्थितीला देत होते. पण ते म्हणत की मी मुळात असा नव्हतो, आणि त्या आधारावर पुढचं आयुष्य वेगळं बांधत होते. कारण देणं हे कधी गुन्ह्यात आणखी खोल नेतं, तर कधी बाहेरही काढतं. आपल्या मालिकांत ही दुसरी शक्यता फारशी दिसत नाही.

याउलट ‘सोप्रानोज’च्या शेवटून दुसऱ्या भागात डॉ. मेल्फी एक अभ्यास वाचतात, योखेल्सन आणि सॅमेनॉव यांचा. हे दोघे खरे संशोधक, वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स मनोरुग्णालयात त्यांनी काम केलं होतं. त्या वाचनातून मेल्फींना कळतं की इतकी वर्षं आपल्यासमोर बसून हा माणूस सुधारत नव्हता, त्याची कारणं पॉलिश होत होती. त्या टोनीला दार दाखवतात.

गुन्हेगाराची बाजू इतकी दाखवणं बरोबर आहे का? आमची पोरं त्यांचे डायलॉग स्टेटसला ठेवतात.

हा प्रश्न मला आयांकडून सगळ्यात जास्त येतो, आणि त्यांची काळजी मला पटते. चौकातल्या वाढदिवसाच्या फलकावर खलनायकाचं वाक्य आणि खाली पंधरा पोरांचे फोटो हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

तरीही गुन्हेगाराची बाजू दाखवू नये असं मी म्हणणार नाही. ती जोरदार दाखवावी. पण ज्याचं नुकसान झालं त्यालाही चेहरा, घर आणि पुरेसा वेळ द्यावा. माझा सगळा आग्रह इथे आहे. गुन्हेगाराचं कारण दुबळं करून प्रश्न सुटत नाही. त्याच्यासमोर दुसरा माणूस उभा केला की ते कारण आपोआप तपासलं जातं.

हे याच शहरात शंभर वर्षांपूर्वी करून दाखवलेलं आहे. बाबूराव पेंटरांनी १९२५ मध्ये ‘सावकारी पाश’ काढला. सावकाराकडे कारण तयार असतं: कागद आहे, त्यावर खूण आहे, घेतलेलं फेड. कागदोपत्री तो बरोबर. पण पेंटरांनी कॅमेरा शेतकऱ्याकडे वळवला. ती भूमिका तरुण व्ही. शांताराम यांनी केली. जमीन जाते, माणूस शहरात मजुरीला लागतो. अंधारी झोपडी आणि बाहेर रडणारं कुत्रं हे त्यातलं दृश्य बघणाऱ्यांनी पुढे कित्येक वर्षं सांगितलं. मूकपट होता. सावकाराच्या कारणाला एका शब्दाचंही उत्तर द्यावं लागलं नाही.

मुलांबरोबर बघत असाल तर बंदी घालून काही होत नाही, मोबाइल त्यांच्या हातात आहे. सोबत बसा आणि भाग संपल्यावर एकच विचारा: आज ज्याचं नुकसान झालं त्याचं नाव काय होतं? पुष्कळदा त्यांना आठवणार नाही. पुष्कळदा मालिकेने ते सांगितलेलंही नसतं.

मला असं पात्र लिहायचंय. काय टाळू?

बालपणीची एक जखम दाखवून सगळं आयुष्य समजावणं टाळा. सावत्र आई, दारुडा बाप, शाळेतला अपमान यांनी कळवळा मिळतो, पण खलनायकाच्या हातून निर्णय निसटतो. आणि निर्णय नसलेलं पात्र बघण्यात रस राहत नाही.

कारण पायरीपायरीने बदलू द्या. पहिल्या वेळी ‘नाइलाज’, तिसऱ्या वेळी ‘हक्क’, दहाव्या वेळी कारण विचारणाऱ्याचाच राग. त्याचं सगळ्यात पटणारं वाक्य लिहून झालं की तेच वाक्य त्याच्या घरातल्या एखाद्या सज्जन माणसाच्या तोंडी, साध्या कामासाठी, आधीच्या भागात घाला. पोरीच्या फीसाठी धडपडणारा बाप पहिल्या भागात म्हणाला, ‘घरासाठी करायला लागतंय बाबा’, आणि बाराव्या भागात त्याच्या भावाने तेच म्हणत तिजोरी फोडली, की प्रेक्षक आपसूक सावरून बसतो.

बघायला कुठून सुरुवात करू? इतकं सगळं बघणं जमत नाही.

‘ब्रेकिंग बॅड’च्या पहिल्या पर्वाचे पहिले तीन भाग सलग बघा, मग पाचवा. वेळ उरला तर ‘द वायर’च्या दुसऱ्या पर्वातला ओमरच्या साक्षीचा भाग. मराठीत ‘देवमाणूस’चे डिंपल प्रथमच खोटं बोलते तिथपासूनचे भाग. ‘स्कॅम १९९२’ शक्य असेल तर बँकेत नोकरी केलेल्या एखाद्या घरच्या वडीलधाऱ्या माणसाबरोबर बघा. ते मध्येच थांबवून रोख्यांचा व्यवहार कसा होत असे ते समजावून सांगतील, आणि तेवढा वेळ मालिका थांबली तरी चालेल.